जीवनचा उजवा गुडघा

मोरवा गावात जीवनच्या घराच्या ओटीवर एक जुनं डिझेल मशीन पडलेलं होतं. बापानं होडी कधीच विकली, मशीन कुणी घेतलं नाही. बाकीची पोरं मोबाईलमध्ये डोकं घालायची, हा मशीनमध्ये. पुढं मेकॅनिकल इंजिनिअरिंगला लागला तेव्हा त्याची आयस, प्रभावती, म्हणाली, "जा बाला, आता कॉलेजात हात काळे कर. माझ्या चादरी तरी सुटल्या."

थर्मोडायनॅमिक्सला वर्गातली पोरं रडायची, याला ते घरचंच वाटायचं. रविवारी शहराकडच्या सिल्व्हर पार्क वस्तीतली शिकलेली माणसं उत्तनच्या किनाऱ्यावर प्लास्टिक वेचायला जायची, त्यांच्यात हाही. फोटो त्यांचे निघायचे, भरलेली पोती हा उचलायचा. विसर्जनाला छातीभर पाण्यात उभं राहून लोकांचे गणपती पोचवायचा. आणि संध्याकाळ झाली की कबड्डी. चढाईला गेला की समोरचे मागं सरकायचे.

शेवटच्या वर्षाला जहाजं दुरुस्त करणाऱ्या एका कंपनीनं त्याला कॉलेजातूनच उचललं. जहाजाच्या पोटातली, खोलीएवढी मशीनं! पोराला दुसरं काही सुचेना. राहिली होती फक्त मेडिकल. दिवसभर शिड्या चढायच्या-उतरायच्या, म्हणून हातपाय धड पाहिजेत, एवढीच अट.

मध्येच गावदेवीच्या जत्रेची कबड्डी आली. गावची रीत अशी की संघातल्या सातही जणांनी देवळात एकाच नारळावर हात ठेवायचा. ठेवला की फायनल होईस्तोवर कुणी मागं हटायचं नाही. जीवननं हात ठेवला तेव्हा मेडिकलची तारीख आली नव्हती. ती आली, आणि सेमीफायनलला त्याचा उजवा गुडघा मुरगळून टम्म फुगला.

"मी बाहेर बसतो रं उद्या," तो कप्तान यतीनला म्हणाला. "मेडिकल हाय माझी."

"आत्ताच साहेब झालास व्हय? नारळावर हात कुणाचा व्हता, तुझ्या प्रिन्सिपलचा?"

पोरं फिदीफिदी हसली. जीवननं ओटीवर उभ्या असलेल्या आयसकडं बघितलं. वाटलं, ही तरी अडवील.

"देवीम्होरं शब्द दिलाय," प्रभावती म्हणाली. "पट्टी आवळून बांध नि जा."

फायनल मोरव्यानं मारली. शेवटच्या चढाईत तिघांनी जीवनला खाली घेतलं, तेव्हा गुडघ्यात ओली फांदी मोडावी तसं काहीतरी झालं. ढोल एवढे वाजत होते की ते त्याला एकट्यालाच कळलं.

हॉस्पिटलात न्यायचं कुणी नाव काढलं नाही. तिथं कागद होणार, कागद कंपनीत जाणार, असं घरात ठरलं. रिक्षा केली ती शेजारच्या डोंगरी गावची. तिथल्या हाडं बसवणाऱ्या म्हातारीनं तेल रगडलं, पट्ट्या घातल्या, आवळून बांधलं. सूज उतरली. जीवन अंगणात चालायला लागला तशी प्रभावतीनं देवीची ओटी भरली. खरं तर पाऊल वळवताना गुडघा आतल्या आत सरकायचा. पट्टा तुटलेल्या मशीनला वरून तेल पाजून काही होत नाही, हे त्याला कुणी शिकवायची गरज नव्हती. पण मशीन दुसऱ्याचं असतं, गुडघा आपला. त्यानं पट्टी आणखी घट्ट आवळली.

मेडिकलच्या डॉक्टरनं आधी डोळे बघितले, छाती बघितली. मग म्हणाला, "नीचे बैठो."

जीवन कसाबसा उकिडवा बसला.

"अब उठो. हाथ टेके बिना."

अर्ध्यावर आला आणि पाय बाजूला गेला. त्यानं टेबल धरलं.

"कब का है?"

"कल सीढी से फिसला, सर."

"झूठ मत बोल, बेटा. पुराना है. ऑपरेशन करवा ले. मगर ये नौकरी भूल जा."

घरी आला तर आयस दारातच.

"काय म्हनला?"

"न्हाय घेत."

तिनं डॉक्टरला शिव्या घातल्या. मग डोंगरीच्या म्हातारीला. मग यतीनला आणि त्याच्या खानदानाला. तिथवर येऊन तिचं तोंड थांबलं.

"उद्या हॉस्पिटलात जाऊ या, बाला. मोठ्या."

"आता कंच्या मेडिकलसाठी, आये?"

जीवन भिंतीला टेकून खाली बसला, उजवा पाय समोर लांब करून. मांडी घालणं आता त्याला जमत नव्हतं. बाहेर पोरं मैदानावर निघाली होती. त्यांतल्या कुणी हाक मारली नाही, आणि त्यानंही मान वर केली नाही.