आमच्या घरचं गुप्त मतदान

आमच्या घरात चोरी केली असती तर एक वेळ माफी मिळाली असती, पण "तुम्ही मत कोणाला दिलं?" असं विचारलं की त्या दिवशी जेवण बंद! बाबा तहसिलात कारकून. दर निवडणुकीत त्यांची ड्यूटी मतदान केंद्रावर लागायची आणि तिथले सगळे नियम ते घरी घेऊन यायचे. शेवटपर्यंत त्यांनी आईला आपलं मत सांगितलं नाही आणि आईनं त्यांना. (भांडताना दोघं एकमेकांच्या सात पिढ्या काढायचे, पण मत नाही!) हेच बाळकडू मला मिळालं आणि मी ते माझ्या मुलीला, मुक्तालाही पाजलं.

पंचाईत झाली ती माझी बायको वंदना महागावच्या नगरपंचायतीला उभी राहिली तेव्हा. वॉर्ड महिलांसाठी राखीव झाला, नळाच्या पाण्यावरून रोज भांडणाऱ्या बायाच तिच्या मागं लागल्या, आणि बाईसाहेब अपक्ष उभ्या! चिन्ह कपबशी. शेजारचे गॅरेजवाले शौकतभाई प्रचारप्रमुख. पत्रकं वाटायला मी.

पहिल्याच दारात कुंदाकाकूंनी सहज विचारलं, "भाऊजी, तुम्ही तं वहिनीलेच देता ना?"

"ते सांगता येत नाही," मी म्हणालो.

काकूंच्या हातातलं सूप थांबलं. वंदनानं माझ्याकडं असं पाहिलं की मी उरलेली पत्रकं कुंपणावरच्या शेळीला देऊन मोकळा झालो.

संध्याकाळी शौकतभाई ग्रीसचे हात घेऊन धावत आले. "भाऊ, काय करून राह्यले तुम्ही? पुऱ्या बाजारात बोंब आहे, नवराच समोरच्या पार्टीले मिळाला म्हणून!"

"शौकतभाई, मत गुप्त असतं."

"अरे यार, दुश्मनापासून गुप्त! बायकोपासून कायले?"

वंदनानं मग घरातली मतं चाचपली. "मुक्ते, तू तं मलेच देशील ना वं?"

"आई, असं विचारत नसतात," मुक्ता म्हणाली. (पहिलंच मत, त्यामुळे ताठा जास्त!)

माझी आई देवघरातून ओरडली, "मी तुह्या सासऱ्याले सांगितलं नाही, तं तुले काहून सांगू?"

आणि दुसऱ्या दिवशी सकाळी समोरच्या पार्टीची चार माणसं हार-नारळ घेऊन दारात हजर. "भाऊचं स्वागत कराले आलो!" दार उघडलं होतं वंदनानं. हार तिनं मुकाट्यानं घेतला, नारळ तिथंच पायरीवर फोडला, खोबरं त्यांच्याच हातावर ठेवलं आणि दार लावलं.

त्या दिवशी माझ्या ताटात वरण पडलं ते लांबूनच. जेवण झाल्यावर मात्र ती माझ्यासमोर येऊन बसली. "मी पडली तरी चालते. पण घरच्यायनंच पाडलं असं लोकायनं म्हणू नये. एवढंच."

मला फार वाईट वाटलं. बाबांचा नियम गेला खड्ड्यात, संध्याकाळच्या सभेत जाहीर सांगून टाकायचं, असं मी ठरवलं.

चौकात सभा भरली. शौकतभाईंनी माईक माझ्या हातात कोंबला. "आता भाऊ खुद बोलतील!"

"बंधू-भगिनींनो, माझं मत..." मी सुरुवात केली आणि पाहतो तर पहिल्याच खुर्चीवर आई! चष्मा पुसून तिनं माझ्याकडं रोखून पाहिलं. माझ्या तोंडातून निघालं, "...माझं मत गुप्त आहे!"

शिट्ट्या! टाळ्या! कोणीतरी ओरडलं, "घरातच मत नाही, कपबशी फुटली!" शौकतभाईंनी डोक्याला हात लावला.

वंदनानं माझ्या हातून माईक ओढला. आता बायको जाहीरपणे माझी उत्तरक्रिया करणार, म्हणून मी डोळेच मिटून घेतले.

"बायाहो, या माणसावर मले लय राग आला होता," ती म्हणाली. "पण आता समजलं. जो बायकोले सांगत नाही, तो बायकोले विचारत बी नाही! मी या घरात आली तशी कोणी मले विचारलं नाही, का तू मत कोणाले देऊन राह्यली. तुम्हाले विचारतेत का?"

"विचारतेत कायले? सांगतेतच!" मागून एक बाई ओरडली आणि सगळ्या बाया खदखदून हसल्या.

"मंग आत गेल्यावर ज्याले द्याचं त्याले द्या. मले नाही दिलं तरी चालते. बाहेर आल्यावर कोणी विचारलं, तं आमच्या मालकायचं हे तोंड आठवा आन् चूप राहा!"

मतदानाच्या दिवशी आमच्या वॉर्डातल्या बाया अशा गप्प होत्या की नवरे कासावीस झाले. "सांग ना वं!" म्हणून एक जण बायकोच्या मागं मागं पानठेल्यापर्यंत आला. ती हसली आणि पुढं निघून गेली. निकाल लागला आणि वंदना दणक्यात निवडून आली! तेव्हापासून वॉर्डातले निम्मे पुरुष माझ्याशी बोलत नाहीत.

गुलालात माखलेली वंदना त्याच चौकात आभार मानायला उभी राहिली. शौकतभाईंचे मानले, कुंदाकाकूंचे मानले, आईचे आणि मुक्ताचेही मानले. मी मागं उभा राहून टोपी सरळ केली.

"आन् सगळ्यात मोठे आभार आमच्या मालकायचे," ती म्हणाली. "लोकहो, या माणसानं माह्या बाजूनं भाषण केलं असतं ना, तं मी पडलीच असती!"