भागीबाईचा हात

योगिनी काय काम करते, हे तिच्या आईला अजून नीट सांगता येत नाही. "कॉम्प्युटरला माणसं दाखवते," एवढंच ती शेजारणींना सांगते आणि विषय बदलते.

पण काम तेच आहे. पिंपळगाव बसवंतच्या एका द्राक्ष पॅकहाउसमधले व्हिडिओ तिच्याकडे नाशिकला येतात. त्यातल्या एकेका चित्रात प्रत्येक बाईच्या खांद्यावर, कोपरावर, मनगटावर ती ठिपके देते. ठिपके हलले तर काम, जागीच राहिले तर रिकामं, असं कॉम्प्युटर मोजतो. एकीचा हात दुसरीच्या आड गेला, तर तो कुठे असेल ते आपणच ठरवायचं. खरं तर तो अंदाजच. ऑफिसात त्याला नियम म्हणतात.

एका व्हिडिओत कॅमेऱ्याच्या बाजूला आशा होती, तिच्या पलीकडे भागीबाई. दोघी सुरगाण्याकडच्या, एकाच पाड्यावरच्या. सगळ्यांचे हातमोजे पांढरे. आशासमोर एक हात झपाझप कात्री चालवत होता. योगिनीला भूक लागली होती. तो हात आशाचाच, असं धरून तिने ठिपके दिले आणि डबा उघडला. भागीबाई रिकामी बसलेली ठरली. पॅकहाउसने तिला कामावरून काढलं.

नंतर समोरच्या कॅमेऱ्याचा व्हिडिओ आला. हात भागीबाईचा होता. आशाचा उजवा हात मांडीवर पडून होता. एका बाईच्या पोटावर आपण पाय दिला, तोही डब्यासाठी!

ती पिंपळगावला गेली. भागीबाई खोलीवर गाठोडं बांधत होती.

"मावशी, चूक माझी आहे. मी दुरुस्त करते. फक्त मग आशा..."

"काय बी करू नको," भागीबाई म्हणाली. "तिचं मनगट सुजलंय. औंदा लावणीला मी तापानं पडले, तवा माझं भात तिनंच लावलं. तिच्या वाटचं काम करून तिची सावड फेडायची व्हती. मला काढलं ते बरं झालं. ती तरी राहिली."

एवढं बोलून तिने वर योगिनीला चहाही दिला. दोन शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं, असं तिला वाटलं.

तिने काहीच दुरुस्त केलं नाही. पुढच्या आठवड्यात नवा व्हिडिओ आला. आशा टेबलाशी एकटीच होती. आता कुणी कुणाच्या आड नव्हतं, सगळं स्वच्छ दिसत होतं. आशा कात्री उचलत होती, ठेवत होती, मनगट दाबत होती. योगिनीने मनगटावर ठिपका दिला. मग पुढच्या चित्रात, त्याच जागी, पुन्हा.