मागे फिरणारा बाण

कोणी काही सांगायला लागलं की चाचा उजव्या हाताचं बोट वर धरायचे आणि म्हणायचे, "थांब. पयले काय झालं?"

तुम्ही म्हणाल, यात काय विशेष? विशेष एवढंच की उत्तर मिळेपर्यंत ते बोट खाली येत नसे. कॉलेजचा शिपाई उशिरा आला आणि बस चुकल्याचं सांगू लागला की चाचा विचारत, "पयले काय झालं? बस चुकली का चाय पेला?" शिपाई कबूल करी की चहा. "मंग बसले काहून बदनाम करतं? बाण चायपासून काढ."

बाण हा त्यांचा जुना धंदा. यवतमाळच्या एका कॉलेजात ते जीवशास्त्राच्या प्रयोगशाळेचे परिचर होते, सगळ्यांचेच चाचा. काचेच्या बरण्या पुसायच्या, बेडूक मोजायचे आणि भिंतीवरचे तक्ते रंगवायचे. हृदयात रक्त कुठून येतं, कुठे जातं, ते लाल आणि निळ्या बाणांनी. प्राध्यापक बदलले, तक्ते चाचांचेच राहिले. तिथे शिकत असताना एकदा मी विचारलं, बाण उलटा पडला तर काय होतं? म्हणाले, "बेडकाले काई होत नाई. पोरगं नापास होते."

मी तेव्हा फवारणी करणाऱ्या मजुरांच्या संघटनेची पत्रकं लिहायची. त्या वर्षी पऱ्हाटी, म्हणजे कपाशी, माणसाच्या डोक्यावर गेली होती, बोंडअळी काही केल्या हटत नव्हती, आणि शेतमालक दोन-तीन औषधं एकाच ड्रममध्ये कालवून मजुराच्या पाठीवर पंप चढवत होते. माणसं डोळ्यांपुढे अंधारी येऊन धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, पडत होती. सरकारी माणूस दवाखान्यात यायचा आणि विचारायचा, तोंडाला फडकं बांधलं होतं का? जसं काही विष फडक्यानं तयार केलं होतं. मी संतापाने लिहायची आणि संतापाने वाटायची.

त्याच हंगामात त्या कॉलेजात एक प्रकल्प आला. शरीराच्या आत काय काय घडतं त्याचा नकाशा काढायला संगणकाला शिकवायचं. ते लोक त्याला ग्राफ म्हणत. शाळेतला चढउताराचा आलेख नव्हे. एकेक गोष्ट म्हणजे एक गोळा, आणि एकीमुळे दुसरी घडत असेल तर मधे बाण. माणसाने पुस्तकातलं वाक्य वाचून गोळे आणि बाण काढून दाखवायचे, आणि अशी ढीगभर उदाहरणं बघून यंत्राने पुढे आपलं आपण काढायला शिकायचं. आपल्या जिल्ह्यासाठी विषय ठरला फवारणीची विषबाधा. यंत्राच्या नकाशावरून आरोग्य केंद्रांसाठी एक तक्ता छापायचा होता. रोगी आला की आधी काय करायचं, मग काय.

प्राध्यापकांना वेळ नव्हता. काम चाचांच्या गळ्यात पडलं. रिटायर व्हायला थोडेच महिने राहिलेला माणूस एका बोटाने टाइप करत संगणकाला शिकवायला बसला. औषध कातडीतून आत जातं, बाण. नसांचा निरोप थांबवणारं द्रव्य बंद पडतं, बाण. निरोप थांबतच नाही, बाण. घाम, लाळ, डोळ्यांच्या बारीक झालेल्या बाहुल्या, थरथर. यंत्र चुकलं की चाचा पडद्याला बोट दाखवून विचारत, "पयले काय झालं?" पुण्याचा तरुण इंजिनिअर हसून म्हणे, "चाचा, त्याला ऐकू येत नाही." "बेडकालेबी येत नव्हतं," चाचा म्हणत.

पुस्तकातली वाक्यं संपली तेव्हा चाचा बाभुळगावच्या बाजारात जाऊन बसू लागले. फवारणी करणाऱ्यांना गाठायचं, चहा पाजायचा आणि बोट वर करायचं. तिथे त्यांना सदरा सापडला.

बाहेरच्यांना सांगते. आमच्याकडे फवारणीचा सदरा वेगळा असतो. तो घरी आणत नाहीत. घरात लेकरं असतात, वास घरभर होतो, म्हणून संध्याकाळी तो धुऱ्यावरच्या झाडाला टांगून ठेवायचा आणि सकाळी तोच अंगात घालायचा. घरी येत नाही म्हणून धुतलाही जात नाही. हंगामभर एकच सदरा, औषधाने कडक झालेला. घाम आला की तो ओला होतो, ओला झाला की आतलं औषध पुन्हा अंगात जातं, अंगात गेलं की आणखी घाम येतो.

चाचा त्या दिवशी धापा टाकत आले. "बेटा, बाण वापस येते. घामातून सदऱ्यात, सदऱ्यातून आंगात, आंगातून घामात. दवाखान्यात सुई देतेत आन वल्ला सदरा तसाच. इकडून उतारा, तिकडून जहर."

त्यांनी ते यंत्रात घातलं. पडद्यावर लाल पट्टी आली: चक्र आढळले, नोंद नाकारली. इंजिनिअर समजावू लागला. मुलगा वाईट नव्हता. "चाचा, बाण मागे फिरवला की यंत्र गोल गोल फिरत बसतं. या आवृत्तीत चालत नाही."

"माणूस गोल फिरून राह्यला ना. मी कायले सरळ काढू?"

मग चाचांनी युक्ती केली. सोमवारचा सदरा, मंगळवारचा सदरा, बुधवारचा सदरा, असे वेगवेगळे गोळे काढून एकापुढे एक लावले. आता बाण मागे येत नव्हता. यंत्राने रातोरात तिन्ही गोळे एकत्र केले. कारण दिलं, एकच वस्तू तीनदा नोंदवली आहे.

"एकच हाय," चाचा पडद्याला म्हणाले. "हेच तर सांगून राह्यलो."

दुसऱ्या दिवशी त्यांनी पुन्हा भरलं. यंत्राने पुन्हा काढून टाकलं. असं किती दिवस चाललं ते मला माहीत नाही. मी प्रकल्पाच्या पुण्याच्या कार्यालयाला चिडून पत्र लिहिलं. उत्तर आलं की सूचनेची नोंद घेतली आहे.

आता माझी गोष्ट सांगते, ती टाळून हे लिहिण्यात अर्थ नाही. यंत्र ऐकत नाही म्हटल्यावर चाचा माझ्याकडे आले. "तुह्या पत्रकात टाक. सुई नंतर, पयले सदरा काढा, आंग साबनानं धुवा. दोन ओळी."

मी नाही म्हणाले.

माझं म्हणणं मला तेव्हा फार पक्कं वाटत होतं. सरकार आधीच मजुराला दोष देत होतं. फडकं बांधलं नाही, हात धुतले नाहीत. त्यात आपणच छापायचं की यांचा सदरा हंगामभर धुतला जात नाही? उद्या तेच कागद दाखवतील. "चाचा, दोषी विष विकणारे आहेत. तुमचा बाण मजुराकडे वळतो."

"बाण दोष देत नाई, बेटा. कशानं काय होते, तेवढंच सांगते."

"ते प्रयोगशाळेत. बाहेर सगळे बाण दोषच देतात."

त्यांनी माझ्या पत्रकाकडे बोट दाखवलं. वरच्या मोठ्या काळ्या अक्षरांकडे. मग म्हणाले, "यात कोनं मारलं ते हाय. जीव वाचवाचा कसा, ते कुठीसा हाय?" मी पत्रकं मोजायला घेतली.

यंत्राने सदरा चक्र म्हणून गाळला, मी राजकारण म्हणून गाळला. चाचा रिटायर झाले आणि नागपूरला मुलीकडे गेले. डोळ्याचं ऑपरेशन होतं, त्यानंतर छातीचं काहीतरी निघालं. ते वारल्याचं मला कळलं ते महिन्याभराने, मी कॉलेजात दुसऱ्याच कामाला गेले तेव्हा. प्रयोगशाळेत नवा परिचर होता. त्याने बरणी पुसता पुसता सांगितलं.

पुढच्या हंगामात मी एका आरोग्य केंद्रात गेले होते. यंत्राचा तक्ता छापून भिंतीवर लागला होता. गुळगुळीत कागद, सुंदर निळे बाण, सगळे वरून खाली. त्याच्या खालीच दोन खाटा. पहिल्या खाटेवरच्या माणसाला सुई दिली होती, तोंडाची लाळ थांबत नव्हती, आणि अंगात तो कडक सदरा, घामाने पुन्हा भिजलेला.

"सिस्टर, याचा सदरा काढा आधी."

"तक्त्यात नाही तसं," सिस्टर म्हणाली. ती सकाळपासून एकटी होती. "तुम्ही कोण?"

मी काय सांगणार? पत्रक माझ्या झोळीत होतं आणि सदरा काढायचं त्यातही नव्हतं. मी गुंड्यांना हात घातला. त्या माणसाने सदरा छातीशी धरला. "राहू द्या ताई. बायामानसं हायेत अथी."

"दादा, मी तुमच्या बहिणीसारखी. सोडा."

"हातमोजे घाला आधी," सिस्टर मागून ओरडली आणि जोडी माझ्याकडे फेकली.

सदरा फाडूनच काढावा लागला. आतली बंडीही ओली होती, ती काढली. साबण लावून मी पाठ, मान, काखा धुतल्या. पाणी पांढुरकं होऊन मोरीकडे जात होतं आणि खोलीभर औषधाचा वास सुटला. माणूस डोळे मिटून पडून होता, मला बघावं लागू नये म्हणून.

सिस्टर दारात उभी राहून बघत होती. तिने एकदा भिंतीवरच्या तक्त्याकडे पाहिलं. मग दुसऱ्या खाटेवरच्या माणसाच्या भिजलेल्या सदऱ्याकडे पाहिलं, आणि रिकामी बादली उचलून पुन्हा नळाखाली लावली.