नेटची पिन आणि आप्पांचा नियम

आमच्या घरातलं नेट आप्पा बंद पाडतात, अशी तक्रार मी महिनाभर केली. ती अर्धी खरी होती.

मी पुण्याच्या एका कंपनीत कामाला आहे. सोलापूरच्या घरून काम करायची परवानगी मागितली, तेव्हा मॅडमनी सरळ सांगितलं, "दोन महिने बघू. लाईन पडत राहिली तर पुण्याला परत यायचं." मला परत जायचं नव्हतं. सहा वर्षं मेसची आमटी खाल्ली होती (ती आमटी होती हे मेसवाल्याचं म्हणणं!), आणि इकडे आई-आप्पा दोघंच होते. शेंगाचटणी-भाकरी आणि नोकरी एकाच घरात मिळतेय म्हटल्यावर मी हट्टाला पेटलो.

पहिल्याच आठवड्यात घोळ सुरू झाला. नेट दिवसभर झकास चालायचं. ऑनलाइन मीटिंगमध्ये मॅडमनी माझं नाव घेतलं की बंद! मी राऊटर बदलला. जाड वायर ओढून घेतली. कनेक्शनवाल्याला तीनदा बोलावलं. तिन्ही वेळा त्याने वायरीच्या टोकावर फुंकर मारली आणि "आता बघा" म्हणून निघून गेला. शेवटी दुसऱ्या कंपनीचीही लाईन घेतली. आता मॅडमनी नाव घेतलं की दोन्ही बंद!

एकदा नेट गेल्या गेल्या मी तडक बाहेरच्या खोलीत गेलो. आप्पा बोर्डाजवळ उभे, बोट बटणावर.

"आप्पा, काय करताय?"

"बंद केलं. तू उठलास की."

आप्पांनी तीस वर्षं अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर म्हणून माग सांभाळले. त्यांचा एकच नियम: माणूस उठला की मशीन बंद. आणि मला वरच्या लोकांशी बसून बोलता येत नाही. मॅडमनी नाव घेतलं की मी शाळेतल्यासारखा उभा राहतो. मग खुर्ची कुरकुरायची, ती आप्पांना ऐकू जायची, आणि आप्पा कर्तव्य बजावायचे!

"आरं, रिकामं मशीन कशाला पळवायचं? खुर्ची परत वाजली की मी चालू करतो की!"

"पण मी उभ्याने काम करत असतो!"

"उब्यानं? मग येवढी भारी खुर्ची कशाला घेतलीस?"

त्याच दिवशी मी घराला शिस्त लावली. दोन्ही राऊटर एका एक्स्टेन्शनवर घेतले आणि त्याची पिन घरातल्या सगळ्यात दणकट पॉइंटात खोचली. हा पॉइंट मूळचा पाण्याच्या मोटरचा. (नळाला मोटर लावणं नियमात बसत नाही, म्हणून मोटरबद्दल जास्त लिहीत नाही.) आमच्याकडे पाणी चार-पाच दिवसांनी येतं, तेही तासभर. मोटरसाठी मी शेजारी नवा पॉइंट काढून दिला आणि बोर्डावर कागद डकवला: ‘आई व आप्पा यांनी ही पिन काढू नये.’ दोघांकडून ते पाठही करून घेतलं.

"आई, पाणी आलं तर?"

"आलं तरी न्हाय काढायची," आई म्हणाली.

दोन महिन्यांतला शेवटचा आठवडा. मॅडम आणि त्यांच्या वरचे दोन साहेब, असे तिघे पुण्याहून स्क्रीनवर माझं काम बघत होते. बाहेर आप्पा स्टूल टाकून बोर्डाशेजारी पहाऱ्याला बसले होते. मी अर्थातच उभा होतो. नेट इतकं सुरेख चाललं होतं की मला भरून आलं. तेवढ्यात मोरीतून आई ओरडली,

"पाणी आलंऽऽ!"

लहानपणापासून घरात हे काम माझं. हाक आली की धावायचं आणि मोटर लावायची. पाय आपोआप पळाले. "आरं, आरं!" करत आप्पा आडवे आले, मी त्यांना बाजूला सारलं, दणकट पॉइंटातली पिन उपटली, मोटरची खोचली आणि बटण दाबलं. मोटर घुमली. मी घाम पुसून मोरीतून बाहेर आलेल्या आईकडे अभिमानाने पाहिलं.

आई कागदाकडे बघत होती.

"मी बंद केलं तर लई वरडतोस की!" आप्पा म्हणाले.

मोबाईल वाजला. मॅडम! "काय झालं हो?"

खोटं बोलायलाही सुचेना. "मॅडम... पाणी आलं."

पुण्यातली खोली, मेस, ती आमटी, सगळं डोळ्यांपुढे आलं.

"कितव्या दिवशी?" मॅडमनी विचारलं.

"पाचव्या."

"माझं माहेर बार्शीचं आहे," त्या म्हणाल्या. "आधी टाकी भरून घ्या. आपण तासाभराने बसू."

तासाभराने बसलो, लाईन पडली नाही, आणि घरून काम कायम झालं. बोर्डावरचा कागद अजून तिथेच आहे. फक्त ‘आई व आप्पा’ खोडून आप्पांनी तिथे माझं नाव लिहिलंय, आणि मीटिंग सुरू झाली की ते माझ्या खोलीला बाहेरून कडी लावतात.