रविवारी पाहिलेली वसाहत

संगप्पा कलबुर्गीच्या एका पतसंस्थेत कारकून आहे. रोज सोलापूरहून रेल्वेने कर्नाटकात जातो. मागे घरी बायको रुद्राणी, लहान मुलगी आणि हृदयविकार असलेले वडील. म्हणून हाकेला शेजारी धावेल अशी वसाहत त्याला हवी होती. सुट्टी रविवारचीच, त्यामुळे जुळे सोलापूर या उपनगरातली घरंही त्याने रविवारीच पाहिली. एका वसाहतीत दारोदार धट्टेकट्टे पुरुष गाड्या पुसत होते. घर ठरलं.

राहायला गेल्यावर पहिल्याच सोमवारी ते सगळे त्याला फलाटावर भेटले. हातात डबे, तेही तिकडेच नोकरीला.

त्याने तिथूनच घरी फोन केला.

"मग मामंजींना सांगा की," रुद्राणी म्हणाली, "छातीत दुखायचं ते रविवारीच दुखू द्या म्हणावं."

गाडी आली. शेजाऱ्यांनी त्याला आग्रहाने खिडकीची जागा दिली.