कवायत मास्तरांची सैल गोळी

कवायत मास्तरांना घरातसुद्धा कुणी पोक काढून बसलेलं खपायचं नाही. सव्वीस वर्षं मैदानावर शिट्टी फुंकून त्यांनी पोरांचे कणे सरळ केले, आणि एक दिवस उंच उडीची गादी उचलताना स्वतःच्याच कण्यानं दगा दिला. ऑपरेशन झालं. दुखण्यावर अफूच्या जातीच्या गोळ्या मिळाल्या, पंधरा दिवसांसाठी. मास्तरांनी त्या दीड वर्ष घेतल्या. माणूस शिस्तीचा, एक वेळ चुकवली नाही.

कळल्यावर बायको त्यांना ओढतच डॉक्टरांकडे घेऊन गेली. डॉक्टरांनी गोळ्या हळूहळू कमी करत शेवटी बंद केल्या. "आता आठवडाभर अंग मोडून येईल, पाय झटके देतील. त्यासाठी ही स्नायू सैल करणारी गोळी. तलफ हिनं जात नाही हं, अंगाला जरा आराम पडतो, इतकंच." मग बाईंकडे वळून म्हणाले, "हिच्यावर जुनी गोळी पोटात गेली, तर श्वास बंद पडायची भीती. घर एकदा बघून घ्या."

बाईंनी पिठाच्या डब्यापासून बुटांच्या खोक्यांपर्यंत सगळं घर पालथं घातलं. शेवटी दिवाणखान्यातल्या 'आदर्श क्रीडाशिक्षक' चषकात, झाकणाखाली, दहा गोळ्या निघाल्या. त्या त्यांनी दवाखान्यात नेऊन दिल्या, झाकण होतं तसं लावलं आणि ब्र काढला नाही. बघू या तरी, स्वारी काय करते ते.

स्वारी जांभया देत, नाक पुसत पलंगावर पडून स्वतःच्या पायांना दटावत होती, "स्थिर राहा म्हणतो ना!" पाय ऐकतील तर शपथ. इतके उर्मट विद्यार्थी त्यांना कधी भेटले नव्हते. गोळी लागू पडली की पाय शांत व्हायचे, पण मग मास्तर असे गळून पडायचे की बाईंना हसू यायचं आणि मागोमाग रडूही. पोटदुखीची चिठ्ठी आणणाऱ्या पोरांना मैदानाच्या चार फेऱ्या मारायला लावणारा हा माणूस दिवसभर म्हणत होता, "अगं, खरंच दुखतंय गं."

बाई येता-जाता चषकाकडे बघायच्या. यांनी तो उघडला असता तर घर डोक्यावर घेतलं असतं, एवढं त्या ओळखून होत्या. घर शांत होतं. म्हणजे नवरा झुंजतोय. रिकाम्या चषकाशी का होईना, पण झुंजतोय, आणि बाईंना त्याचा फार अभिमान वाटत होता.

आठव्या दिवशी मास्तर चषक घेऊन स्वयंपाकघरात आले. बाईंनी शाबासकीचं वाक्य तयारच ठेवलं होतं.

"यात मी गोळ्या लपवल्या होत्या," मास्तर म्हणाले.

"अगंबाई! आणि तुम्ही हात लावला नाहीत?"

मास्तर ओट्याला टेकले.

"तिसऱ्या दिवशी लावला. तू आंघोळीला गेली होतीस. रिकामा निघाला." त्यांनी चषक ओट्यावर ठेवला. "नसता निघाला, तर घेतल्या असत्या मी. दहाच्या दहा."

बाईंनी गॅस बंद केला. तिसऱ्या दिवशी न्हायला म्हणून त्या चांगला अर्धा तास आत होत्या. शाबासकीचं वाक्य त्यांना आता आठवेना. मास्तर वाकून उभे होते, पार पोक काढून. बाईंनी स्टूल पुढे सरकवलं.

"बसा," त्या म्हणाल्या. "चहा घेऊ आणि डॉक्टरांकडे जाऊ. हे त्यांनाही असंच सांगायचं."