शुआच्या मनगटावरचे दोरे

शुआ लोर डॉक्टर झालेली नव्हती, पण ही गोष्ट अमेरिकेतल्या सेंट पॉल शहराच्या पूर्वेकडच्या वस्तीत कुणाच्या गळी उतरत नव्हती. ती डॉ. होल्मबर्गबाईंच्या दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. अवजारं वाफेच्या यंत्रात घालायची, थुंकी ओढून घेणारी नळी धरायची, बाईंनी हात पुढे केला की हवं ते अवजार त्यांच्या हातात ठेवायची. पण लाओसच्या डोंगरांतून आलेल्या आमच्या हमोंग म्हाताऱ्यांना इंग्रजी यायचं नाही आणि बाईंना हमोंग यायचं नाही. मग खुर्चीत आडवी पडलेली आजी शुआचाच हात घट्ट धरायची आणि विचारायची, "डॉक्टर, दुखेल का गं?"

सुरुवातीला शुआ सांगायची, "आजी, डॉक्टर मी नाही, त्या आहेत."

आजी होल्मबर्गबाईंकडे एकदा बघून घ्यायची आणि म्हणायची, "ती भोक पाडणारी. डॉक्टर तूच."

वर्षानुवर्षं हे कानावर पडल्यावर माणूस पाघळणारच. शुआ संध्याकाळच्या वर्गांना जाऊन पदवी घेत होती. गुण बेताचेच होते, रसायनशास्त्रात तर रडत-रखडत पास झाली होती. तरी एका पहाटे, बाजारात भाजीचा गाळा असलेल्या आईबरोबर कांद्याच्या पातीच्या जुड्या बांधता बांधता ती बोलून गेली, "आई, दातांच्या डॉक्टरकीला अर्ज करावा म्हणते." करावा म्हणते, एवढंच. पण तिच्या आईला एखादी गोष्ट सांगणं म्हणजे ती भोंग्यावरून सांगण्यासारखंच. बाजार सुटायच्या आत गाळ्यागाळ्यांत बातमी झाली, आणि बातमीतून 'अर्ज' हा शब्द गळून पडला होता.

आईचीही बाजू समजून घ्यायला हवी. तिच्या शेजारचा गाळा मायिंग मावशीचा. मावशीचा मुलगा औषधांच्या दुकानात मोठा फार्मासिस्ट. मावशी मुळे विकताना मुलाचं कौतुक करायची, वाटाणे मोजताना मुलाचं कौतुक करायची, पाऊस आला तर मुलानं घेऊन दिलेली छत्री उघडायची. आईनं हे सगळं मान डोलावत ऐकून घेतलं होतं. आता पहिल्यांदाच तिच्याकडे उलट बोलायला काहीतरी आलं होतं. ती म्हणाली, "तुझा मुलगा गोळ्या देतो गं. माझी शुआ त्या लिहून देईल."

एप्रिलमध्ये प्रवेश परीक्षा आली. परीक्षेच्या आदल्या दिवशी वा मेंग काकांनी घरी दोरे बांधायचं ठरवलं. काका म्हणजे शुआच्या वडिलांचे थोरले भाऊ. वडील गेल्यापासून घरात शब्द त्यांचाच. टेबलावर उकडलेली कोंबडी, अंडी, चिकट भात. माणसामागून माणूस यायचा, शुआच्या तळहातावरून पांढरा दोरा बाहेरच्या बाजूला झटकायचा म्हणजे वाईट ते निघून जावं, मग आतल्या बाजूला ओढायचा म्हणजे चांगलं ते यावं, आणि मनगटाला गाठ मारायचा. आत्मा भित्रा असतो. परीक्षेसारख्या ठिकाणी तो पळून जातो, म्हणून त्याला देहाशी बांधून ठेवायचं. हे दोरे निदान तीन दिवस तरी काढायचे नाहीत, आणि काढायचे तेव्हाही सोडवायचे, कापायचे मात्र कधीच नाहीत. शेवटी काकांनी कोंबडीचे पाय उजेडात धरून बोटांची ठेवण पाहिली आणि सांगितलं, "सरळ आहेत. पोरगी पास."

परीक्षेच्या ठिकाणी मनगटाला काहीच चालत नव्हतं. घड्याळ नाही, बांगडी नाही, दोरा नाही. दारावरची बाई गोड बोलणारी होती. "छान आहेत गं हे, पण काढावे लागतील." शुआनं नखांनी गाठी सोडवून पाहिल्या. पण त्या गाठी आयुष्यभर भाजीच्या जुड्या बांधणाऱ्या बायकांनी मारलेल्या होत्या. मागे रांग खोळंबली. बाईनं कात्री पुढे सरकवली. शुआनं कापले, कोटाच्या खिशात कोंबले आणि आत गेली.

निकाल तिथल्या तिथे पडद्यावर आला. तीसपैकी सतरा. ज्यांना प्रवेश मिळतो त्यांना साधारण वीस असतात. घरी आल्यावर आईनं विचारलं तेव्हा शुआ म्हणाली, "निकाल यायचाय." थायलंडमधल्या निर्वासितांच्या छावणीत कागदांची वाट बघण्यात जिचं तरुणपण गेलं, तिला यात काही वावगं वाटलं नाही. सरकारी कामं, वेळ लागायचाच. शुआला मात्र त्या दिवसापासून घास गोड लागेना. आई बाजारात जितकी ताठ चालायची, तितकी ही घरात तिची नजर चुकवायची.

जून उजाडला आणि अर्ज सुरू झाले. या अर्जांचं असं असतं की जो आधी करतो त्याचा आधी विचार होतो. कमी गुणांच्या मुलांनी रेंगाळणं म्हणजे संपलंच. शुआनं शेवटी होल्मबर्गबाईंना गाठलं. त्या खिडकीशी उभ्या राहून सँडविच खात होत्या.

"डॉक्टर, सतरावर अर्ज करावा का?"

बाईंनी आधी घास संपवला. "खरं सांगू की बरं वाटेल ते सांगू?"

"खरं सांगा."

"मी तुझ्या जागी असते तर या वर्षी केला नसता. रसायनशास्त्र पुन्हा शिकले असते, परीक्षा पुन्हा दिली असती. किंवा दात साफ करणाऱ्यांचा कोर्स केला असता, तो काही कमीपणाचा नाही." बाईंनी बोटं पुसली. "कमी गुणांवर अर्ज करणं हा गुन्हा नाही, शुआ. मीही काही हुशार विद्यार्थिनी नव्हते. पण कशासाठी करतेयस, ते आधी ठरव."

शुआला ते बोलणं पटलं. पटलं म्हणूनच तिला रडू आलं, कारण 'या वर्षी नाही' हे दोन ओठांतून बाहेर काढायचं कसं, ते बाईंनी सांगितलं नव्हतं. आणि आईनं तर रविवारी पुन्हा दोरे बांधायचं ठरवून टाकलं होतं. परीक्षेसाठी झाले, आता अर्जासाठी.

रविवारी दुपारी बाजार आटोपून मंडळी जमली. मायिंग मावशीसुद्धा आली, नवी टोपी घालून. पुन्हा कोंबडी, पुन्हा अंडी. काका खुर्चीत बसले आणि म्हणाले, "हात पुढे कर, डॉक्टरीणबाई."

शुआनं हात पाठीमागे नेले. "काका, थांबा. निकाल लागलाय. कधीच लागलाय. सतरा आहेत."

"सतरा म्हणजे चांगले ना?"

"नाही काका. कमी. आत घेतात त्यांना वीस असतात."

मग मायिंग मावशीच म्हणाली, "तीनच कमी! अगं, तीन तर मी गिऱ्हाइकाला वर घालते."

"मावशी, हे मुळे नाहीत."

"नसू देत. जरा घासाघीस करून बघायची." दोघी-तिघी हसल्या. शुआला वाटलं, चला, बोलून तर झालं. मोकळं वाटेल आता.

पण काका हसत नव्हते. "असं कसं होईल?" ते हळू आवाजात म्हणाले. "पाय सरळ होते. मी स्वतः पाहिले." ते स्वतःच्या हातांकडे बघत राहिले, जणू हातांनीच काही लबाडी केली होती. वस्तीतली लग्नं, आजारपणं, घरं घेणं, सगळं हा माणूस कोंबडीचे पाय बघून सांगत आला होता. आता भरल्या घरात, मायिंगसमोर, तो तोंडघशी पडला होता. शुआला त्याचं फार वाईट वाटलं. आणि त्या भरात, खिशातली गोष्ट खिशातच ठेवायची सोडून, ती बोलून गेली.

"काका, तुमची चूक नाही. दोरे मी कापले होते. परीक्षेच्या आधी. तिथे चालत नव्हते."

मग सगळी खोली एकदम उजळली.

"कापले? कात्रीनं?"

"तरीच!"

"अगं बाई, आत्मा बिचारा दाराबाहेरच राहिला!"

काका खुर्चीतून उठले. त्यांचा चेहरा दहा वर्षांनी तरुण झाला होता. "बघा! पाय खोटं सांगत नाहीत. पास व्हायची होतीच पोरगी. पण परीक्षा दिली नुसत्या देहानं! सतरा आले हेच नवल म्हणायचं. आत्मा दाराबाहेर असताना सतरा!"

"काका, ऐका ना. मला रसायनशास्त्र येतच नाही."

"येईल. आत्मा जागेवर असला की सगळं येतं."

"मी कॉलेजमध्येही..."

"अर्ज कर, पाठव. लागली तर परीक्षा पुन्हा दे. या वेळी दोरे दंडाला बांधू, बाहीच्या आत. बघतंय कोण दंड?" आणि त्यांनी तिचा हात ओढून घेतला. बायका पुढे सरकल्या. खरं सांगितल्यानं माणूस सुटतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी त्या दुपारी शुआची मनगटं बघायला हवी होती. मागच्यापेक्षा दुप्पट दोरे होते. हरभऱ्याच्या झाडावरून ती बिचारी स्वतःहून उतरू बघत होती, आणि खाली उभी असलेली मंडळी तिला ढकलून पुन्हा वर चढवत होती.

आई सगळ्यांत शेवटी आली. ती हसली नव्हती, 'तरीच' म्हणाली नव्हती. तिनं दोरा झटकला, ओढला, आणि गाठ मारायला वाकली तेव्हा शुआच्या कानाशी बोलली.

"सतरा आणि वीस मला कळतात गं. रोज मोजते मी."

शुआही कुजबुजली, "आई, मग सांग ना यांना. नको म्हण या वर्षी."

"मी?" आईनं मान वर केली नाही. तिच्या बोटांना कांद्याच्या पातीचा वास होता आणि भेगांत माती होती. "सगळ्या बाजाराला सांगून बसलेय. मायिंगला सांगून बसलेय. आता मी काय करू, तूच सांग मला."

ती रागावली नव्हती, धाक दाखवत नव्हती. ती खरंच विचारत होती. तिनं धाक दाखवला असता तर बरं झालं असतं, शुआला भांडता आलं असतं, दार आपटून जाता आलं असतं. हिच्याशी कसं भांडणार? हीसुद्धा आपल्याबरोबर त्याच खोलीत कोंडलेली, आणि बाहेरून कडी घालणारी तीच. आईनं गाठ मारली आणि वर आणखी एक मारली.

पाहुणे उष्टी भांडी ठेवून गेले तशी शुआ खोलीत जाऊन बसली. अर्ज तयारच होता. तुम्हाला दंतवैद्य का व्हायचंय, या प्रश्नाखाली तिनं खुर्चीतल्या आजींबद्दल लिहिलं होतं, त्या हात कसा धरतात त्याबद्दल. ते खोटं नव्हतं. खोटं असतं तर पुसायला सोपं गेलं असतं. ती बराच वेळ हिशेब मांडत राहिली. 'नाही' तिनं म्हटलं तर ते आईच्या अंगावर येणार. 'नाही' तिकडून आलं, तर बाजारात सांगता येईल की त्यांनीच घेतलं नाही, मोठ्या लोकांचं काय सांगावं. आईला निदान कुणाला तरी शिव्या देता येतील. होल्मबर्गबाईंच्या प्रश्नाला हे उत्तर नव्हतं, पण शुआकडे दुसरं नव्हतं. तिनं अर्ज पाठवून दिला. स्वयंपाकघरात आई भांडी घासत होती. "पाठवला," शुआनं आतूनच सांगितलं. भांड्यांचा आवाज थांबला आणि पुन्हा सुरू झाला.

सोमवारी दवाखान्यात हातमोजा मनगटाच्या वर चढेना. होल्मबर्गबाई बघत उभ्या होत्या.

"काढता येतील का?"

"तीन दिवस नाही."

"मग रुग्णाजवळ नको. बाहेर टेबलावर बस, फोन घे." जाता जाता त्या दाराशी थांबल्या. "केलास?"

"केला."

"कशासाठी, ते ठरलं?"

शुआनं दोन्ही मनगटं वर धरली. बाईंनी मान हलवली. त्यांना काय कळलं कोण जाणे, पण त्या आत निघून गेल्या. आतून नळीचा आवाज येऊ लागला. आज ती दुसऱ्याच कुणीतरी धरली होती, आणि शुआला बाहेर टेबलामागे बसून फक्त तो आवाज ऐकायचा होता.

फोन वाजला. पलीकडे कुणी म्हातारी होती, हमोंगमध्येच, मोठ्यानं बोलणारी. दाढ रात्रभर ठणकतेय म्हणाली. मग म्हणाली, "मला आपली डॉक्टर पाहिजे. बाजारवालीची मुलगी. आहे का ती?"

शुआनं तोंड उघडलं. 'आजी, मी डॉक्टर नाही' हे वाक्य तिला पाठ होतं, वर्षानुवर्षं म्हटलेलं. तिनं मनगटावरच्या त्या पांढऱ्या गाठींकडे पाहिलं, आईनं मारलेली दुहेरी गाठ त्यांत सगळ्यांत वर होती.

"बोलतेय, आजी," ती म्हणाली. "कुठली दाढ?"